कोरोनात शालेय क्रीडा स्पर्धा रद्द केल्या, ते बरोबर होतं का?

त्या वर्षापुरतं बरोबरच. मी सांगलीचा. मार्च 2020 मध्ये आमच्या इस्लामपुरात एकाच घरातले किती जण बाधित निघाले, ते आठवतं ना? कबड्डीत चढाई करणारा दम घेऊन ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत अंगावर येतो, सात जण मिळून त्याला दाबतात. तिथं कसलं दोन हातांचं अंतर! कुस्तीचं तर बोलूच नका.

चूक पुढं झाली. शालेय स्पर्धा 14, 17, 19 वर्षांखालच्या गटात होतात. वय काही लॉकडाऊनमध्ये थांबत नाही. माझ्या भाच्याचं सतरा वर्षांखालचं शेवटचं वर्ष त्यातच गेलं. नवे बूट खोक्यातच राहिले, पुढच्या वर्षी पायाला होईनात. निदान त्या पोरांना वयात एका वर्षाची सूट द्यायला हवी होती.