तासिका की पोस्टडॉक?

प्रश्न: रेडिओ खगोलशास्त्रात नुकतीच पीएच.डी. झाली. युरोपात दोन वर्षांची पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरची मुदतीची संशोधनाची जागा, मिळते आहे. इकडे अमळनेरला तासिका तत्त्वावर शिकवायला बोलावतात. बाबा म्हणतात, घराजवळ राहा. काय करू?
– एक वाचक, चोपडा

उत्तर: पोरी, पोस्टडॉक घे. मी तासिकांवरच सुरुवात केली. सकाळी भुसावळ, दुपारी जळगाव, हातात डबा आणि पॅसेंजरचा पास. उन्हाळ्यात कॉलेज बंद, की पैसेही बंद. सहा वर्षांत एक शोधनिबंध झाला नाही. शिकवायला आवडायचं, हे खरं. पण वाट्याला प्रयोगशाळेतले कपॅसिटर आले, आकाशातले पल्सार तारे नाही.

पोस्टडॉकही कायमची नसते, हे घरी आधीच सांगून ठेव. परदेशातल्या बऱ्याच जागांचे अर्ज ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये मागवतात आणि रुजू व्हायचं पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या सुमारास. म्हणजे पहिलं वर्ष सरतं न सरतं तोच पुढचं शोधायला लागायचं. नेट किंवा सेट परीक्षा राहिली असेल तर जाण्याआधी उरक. परतल्यावर सहायक प्राध्यापकाच्या अर्जात कामी येते.

इथं कायम नोकरी लागली, तर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचं असोसिएट पद बघ. कॉलेजातल्या शिक्षकांना तिथं जाऊन संशोधन करता येतं. आणि पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, त्यांच्यावर वेळ मागणारा प्रस्ताव चोपड्यात बसूनही पाठवता येतो.

बाबांशी तूच बोल. केळीच्या कापणीच्या धांदलीत नको, रात्री जेवणं झाल्यावर.