बुद्धिबळात माझ्यापेक्षा ४०० रेटिंगने (रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) वरचढ खेळाडूशी डाव बरोबरीत सुटला. मित्र म्हणतात, नशीब! खरंच तसं असतं का?

नाही. रेटिंगमध्ये ४०० चा फरक असला की कमी रेटिंगवाल्याकडून दहा डावांत मिळून जेमतेम एक गुण अपेक्षित असतो (विजयाला एक, बरोबरीला अर्धा). त्यामुळे एका बरोबरीनेही, के-फॅक्टर (एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) २० असेल तर, तुमचं रेटिंग साधारण ८ ने वाढतं. नशिबाचा वाटा असेलही, पण तो किती हे पटावरच कळतं.

माझाच डाव सांगतो. समोरचे काका माझ्यापेक्षा जवळजवळ तेवढेच वरचढ होते. पन्नासाव्या खेळीपर्यंत माझी दोन प्यादी गेलेली. त्यांच्याकडे पांढऱ्या घरांवरचा उंट आणि जी५, एच५ वर प्यादी, राजा एफ४ वर. माझ्याकडे एफ७ वर घोडा आणि जी८ वर राजा, बस्स. मी घोड्याने जी५ चं प्यादं मारलं. त्यांनी राजाने घोडा घेतला आणि मी राजा कोपऱ्यात, एच८ वर नेला.

आता त्यांच्याकडे उंट आणि प्यादं, माझ्याकडे नुसता राजा, तरी डाव बरोबरीचा! उरलेलं प्यादं एच-पट्टीवरचं, त्याला वजीर व्हायला एच८ वरच पोचायला हवं. एच८ हे काळं घर, आणि पांढऱ्या घरांवरचा उंट तिथून माझ्या राजाला कधीच हुसकावू शकत नाही. फार जोर लावला तर स्टेलमेट होतो, म्हणजे राजाला शह नाही पण खेळायला खेळीही नाही, आणि डाव बरोबरीत. काकांनी दहा-बारा खेळ्या करून पाहिल्या आणि हात पुढे केला.

जी-पट्टीवरचं प्यादं हा त्यांच्या डावाचा प्राण होता. ते घोड्याच्या माऱ्यात पुढे ढकललं ही त्यांची चूक. पण हा 'चुकीच्या रंगाचा उंट' मला आधीपासून माहीत नसता, तर घोडा देण्याचं धाडस मी केलंच नसतं. घोडा वाचवत बसलो असतो आणि हरलो असतो.

म्हणून तुमचा स्कोअरशीट (खेळ्या लिहिलेला कागद) काढा आणि बरोबरी नेमकी कोणत्या खेळीला पक्की झाली ते शोधा. ती खेळी तुम्ही जाणूनबुजून केली असेल तर मित्रांचं मनावर घेऊ नका. आणि हो, हरत असताना पुन्हापुन्हा बरोबरी मागत जाऊ नका. समोरच्याला त्रास दिला म्हणून पंच दंड करू शकतात.

त्या दिवशी काकांनी हॉलबाहेर तीच स्थिती पुन्हा मांडली आणि प्यादं जी४ वर ठेवून मला पंधरा मिनिटं हरवत राहिले. त्या पंधरा मिनिटांत मी जे शिकलो, ते डावातही शिकलो नव्हतो. तुमच्या प्रतिस्पर्ध्याची गाठ पडली तर त्यांनाही विचारून बघा.