दुसरी-तिसरीच्या पोरांना घरी इतिहास कसा शिकवायचा

ताई, पहिल्याच दिवशी सनावळ्या पाठ करायला लावू नका हो, पोरं कंटाळतात. आधी एका रविवारी बेळगावच्या किल्ल्यात न्या, खंदक दाखवा, तिथल्या कमल बस्तीच्या, म्हणजे जुन्या जैन मंदिराच्या, छतातलं दगडी कमळ मान वर करून निवांत बघू दे की, आणि घरी आल्यावर अंगणात माती कालवून तोच किल्ला करायला लावा, त्याला दिवाळीच कशाला पाहिजे! खंदकात पाणी ओतलं की शत्रू लांब का राहायचा हे पोरं स्वतःच सांगतात, आमच्या दोघांवर करून बघितलंय मी. मग कित्तूरची राणी चन्नम्मा, तिची इंग्रजांशी १८२४ ची लढाई, गोष्ट करून सांगा. शेजारच्या कानडी आज्जीकडूनपण ऐकू दे, नंतर मराठीत चार ओळी लिहायच्या, चित्र काढायचं. स्पेलिंग चुकलं तर लगेच टोकू नका.