पाइपलाइनचा प्रस्तावित मार्ग पायी चालून खरंच काही कळतं का?

तुम्ही विचारलंय, गावातून तेलाची पाइपलाइन जाणार आहे, नकाशा आणि गट नंबरांची यादी हातात आहे, मग मार्ग चालून वेगळं काय कळणार?

भीमेच्या खोऱ्यात आमच्या तालुक्यातून जाणारा टप्पा मी तीन दिवसांत चालले. माझं उत्तर : पाणी कुठून वाहतं आणि जमीन खरोखर कोण कसतं, हे चालल्याशिवाय कळत नाही.

आम्ही आधी मे महिन्यात गेलो, ती चूक झाली. तापलेल्या रानात सगळं सारखंच दिसतं. आषाढात मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा निघालो, तेव्हा रेघेला आडवे जाणारे ओघळ एकेक करून दिसले. नकाशात त्यांतले दोनच होते. शेजारच्या तालुक्यात आधी गेलेली एक लाइनही पाहिली. चर बुजवताना वरची काळी माती खाली गेली आणि मुरूम वर आला. पुढच्या पावसात माती दबून तिथे घळ पडली, आणि बांधाबांधाने जिरणारं पाणी त्या घळीतून निघून जायला लागलं. म्हणून वरची माती वेगळी ठेवून शेवटी वरच टाकायची, हे चर खोदायच्या आधी लेखी मागा.

आता माणसं. एका शेतात राबत होत्या त्या बाईंचं नाव सातबाऱ्यावर नाही. तिथे अजून सासऱ्यांचं नाव, ते जाऊन बरीच वर्षं झाली, वारस नोंद झालेलीच नाही. पुढचं रान वाट्याने केलेलं. नोटीस ज्याच्या नावाने येते तो पुण्यात, पीक ज्याचं जाणार तो बांधावर उभा. त्याला ही गोष्ट आमच्याकडूनच कळली. वाटेत भेटलेल्या मेंढपाळाने तर गायरानातलं एक पाणवठ्याचं ठिकाण दाखवलं, जे आमच्या गावातल्याही कुणाला आठवलं नव्हतं.

कायदा नीट वाचा, कारण इथेच लोक फसतात. १९६२ च्या पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइन कायद्यात जमिनीची मालकी तुमचीच राहते, घेतला जातो तो वापराचा हक्क. पीक घेता येतं. पण पाइपलाइनसाठी घेतलेल्या पट्ट्यात घर, विहीर, तळं, धरण बांधता येत नाही, झाड लावता येत नाही. या हक्कापोटी मोबदला बाजारभावाच्या १० टक्के. पीक, झाडं, इतर नुकसान यांची भरपाई वेगळी.

हे १० टक्के छोट्या शेतकऱ्याला काय करतात, ते टेप लावून मोजल्यावर समजलं. २० गुंठ्यांचा चौरस तुकडा धरा, बाजू साधारण ४५ मीटर. १८ मीटरचा पट्टा मधोमध गेला की ८ गुंठे त्यात अडकले. उरल्या दोन्हीकडे जेमतेम १३ मीटरच्या चिंचोळ्या पट्ट्या. तिथे पोराने उद्या घर कुठे बांधायचं? डाळिंब कुठे लावायचं? मोबदला मात्र ८ गुंठ्यांपुरताच. मला हा उघड अन्याय वाटतो, आणि दहा एकरवाल्याला तो जाणवतही नाही.

गळती झाली तर काय, हेही चालताना प्रत्येक विहिरीपाशी विचारा. २०१० साली अमेरिकेत मिशिगनमध्ये तेलवाहिनी फुटली, तेल कलामझू नदीत गेलं. नियंत्रण कक्षात इशारे वाजत असूनही सुमारे १७ तास गळती ओळखली गेली नाही. कळवलं ते शेवटी स्थानिक गॅस कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने. म्हणून फोन कुणाला करायचा, व्हॉल्व कुठे आहे, हे विहिरीशेजारी राहणाऱ्याला माहीत हवं.

लगेच करायचं ते एवढंच : हरकतीला राजपत्रातल्या अधिसूचनेपासून २१ दिवस मिळतात. त्यामुळे ती निघायची वाट न पाहता चाला. सोबत गाव नकाशा, सातबारे, फोनमध्ये जीपीएस आणि गावातला एक म्हातारा माणूस घ्या. प्रत्येक विहीर, बोअर, ओघळ, जुनं झाड यांचे तारखेसह फोटो काढा आणि गट नंबर लिहा. हरकत सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, लेखी द्या, पोच घ्या. कसणाऱ्यांची नावंही त्यात घाला.

आमच्या हरकतींमुळे एका विहिरीजवळ मार्ग थोडा सरकला. त्या बाईंची वारस नोंद चर खोदायच्या आधी झाली. डाळिंबाची एक बाग मात्र गेली.