तेरा वर्षांच्या पॅट्रोल लीडरच्या हातात अख्खी हाइक देणं बरोबर आहे का?

तुम्ही विचारलंय की मुलगा तेरा वर्षांचा आहे, नुकताच पॅट्रोल लीडर म्हणून, म्हणजे स्काऊट ट्रूपमधल्या (पथकातल्या) मुलांच्या एका छोट्या गटाचा, पॅट्रोलचा, प्रमुख म्हणून निवडून आलाय, आणि स्काऊटमास्तर म्हणतात पुढची हाइक मुलंच ठरवणार, मोठी माणसं मागे राहणार. तर हे सेफ आहे का, आणि यातून खरंच लीडरशिप येते की शाळेतल्या मॉनिटरसारखं नुसतं नावापुरतं पद असतं.

हो, बरोबर आहे. तुमचे स्काऊटमास्तर खरंच मागे राहणार असतील तर ट्रूप चांगला मिळालाय, सोडू नका. मी बरीच वर्षं ट्रूप चालवलाय आणि नेमक्या याच प्रश्नावरून आमच्याकडे एवढं मोठं भांडण झालं होतं की ते आठवलं की अजूनही डोकं तापतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमची दोन दिवसांची हाइक होती, पॅट्रोल वेगवेगळ्या वाटांनी जाऊन संध्याकाळी एकाच कॅम्पसाइटवर भेटणार होते. एका पॅट्रोलच्या मागे, हाक मारली तर ऐकू जाईल इतकं अंतर ठेवून, मी आणि आमच्या कमिटीतले एक गृहस्थ चालत होतो. गृहस्थ म्हणजे तब्येतीने दणकट, डोंगरात भरपूर फिरलेले, मनाने वाईट अजिबात नाहीत, पण मुलांच्या हातातला नकाशा बघितला की त्यांचे हात शिवशिवायचे. पॅट्रोलमध्ये सात जण, लीडर चौदा वर्षांचा, बोलायला एकदम कमी, निवडणुकीत एका मताने आला होता. दुपारी वर कुठेतरी जोरात पाऊस पडून गेला आणि आम्ही जो ओढा ओलांडणार होतो तो गढूळ होऊन वाहायला लागला. नकाशावर तिथे साधी पायवाट दाखवलीय, कोरड्या दिवसात दगडांवरून उड्या मारत पलीकडे जाता येतं. पलीकडे गेलं की कॅम्प जवळच.

तो पोरगा काठावर थांबला. आधी सगळ्यांना सॅक खाली ठेवायला लावल्या, एक काटकी पाण्यात टाकली आणि ती किती जोरात जातेय ते बघितलं, मग हातातली लाठी काठाजवळच पाण्यात उभी धरली. स्काऊटच्या लाठीवर मापाच्या खुणा असतात, त्याने ओली झालेली खूण बघितली आणि पॅट्रोलमधल्या सगळ्यात लहान मुलाला बोलावून लाठी त्याच्या पायाशेजारी उभी केली. खूण गुडघ्याच्या वर आली. तीही काठाजवळची, मधे तळ दिसतच नव्हता. तो म्हणाला, इथून नाही जायचं.

आता आमचे गृहस्थ पुढे झाले. म्हणाले अरे एवढंसं पाणी आहे, मी आधी जातो, दोरी पलीकडे झाडाला बांधतो, तुम्ही एकेक जण कमरेला दोरी बांधून या, दहा मिनिटांचं काम आहे. पोरं त्यांच्याकडे बघायला लागली, कारण मोठा माणूस म्हणतोय म्हणजे बरोबरच असणार. आणि हा पोरगा शांतपणे म्हणाला, "काका, वाहत्या पाण्यात कमरेला दोरी नाही बांधायची."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तो शंभर टक्के बरोबर होता. जोरात वाहणाऱ्या पाण्यात दोरीला बांधलेला माणूस पडला की पाणी त्याला पुढे ढकलतं आणि दोरी मागे ओढते, त्यात तो पाण्याखाली दाबला जातो आणि ताणामुळे गाठ सुटत नाही. दोरीने वाचण्याऐवजी दोरीनेच बुडतो. आणि गुडघ्याएवढं पाणी म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण वेग असेल तर मोठा माणूससुद्धा आडवा होतो, चाळीस किलोचं पोरगं तर सोडाच. हे त्याला माहीत होतं कारण हाइकच्या आधी पॅट्रोल मीटिंगमध्ये "वाटेत पाणी वाढलं तर काय" हा विषय त्यानेच घेतला होता आणि तिथे बसून उत्तर शोधलं होतं. गृहस्थांना माहीत नव्हतं कारण ते त्या मीटिंगला नव्हते, आणि इतकी वर्षं फिरून कधी वेळ आली नव्हती म्हणून त्यांना वाटायचं की आपल्याला येतंय.

ते माझ्याकडे बघायला लागले, की तुम्ही सांगा याला. मी म्हटलं पॅट्रोल लीडर तो आहे. एवढंच.

मग त्याने नकाशा जमिनीवर पसरला. वरच्या अंगाला एक पूल होता. गळ्यातल्या शिट्टीची दोरी काढली, पुलापर्यंतच्या आणि पलीकडून परत कॅम्पपर्यंतच्या वाटेच्या वळणांवरून ती ठेवत गेला, मग दोरी सरळ करून पट्टीवर मोजली. चोवीस सेंटिमीटर. आमचा नकाशा 1:25,000 चा होता म्हणजे चार सेंटिमीटरला एक किलोमीटर, म्हणजे सहा किलोमीटर, वर दीडशे मीटर चढ. नेस्मिथचा नियम पोरांना पाठ होता, हा 1892 सालचा जुना हिशोब आहे, तासाला पाच किलोमीटर आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जास्त. म्हणजे साधारण दीड तास. पण तो हिशोब दमदार माणसाचा आहे, पाठीवर सॅक घेतलेल्या आणि सकाळपासून चाललेल्या पोरांचा नाही, म्हणून त्याने सव्वादोन धरले. मग बॅटऱ्या कोणाकोणाकडे आहेत विचारलं, सगळ्यांना पाणी प्यायला लावलं, सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे घेतलं आणि सहाय्यक लीडरला शेवटी ठेवलं. हळू चालणारा पुढे का, तर त्याच्या वेगाने सगळे चालतात आणि कोणी मागे सुटत नाही. पहिल्या तासात दोन-तीन जण कुरकुरले, एक तर रडवेला झाला होता, लीडरने त्याची सॅक घेतली नाही, फक्त त्यातला तंबूचा गुंडाळा काढून स्वतःच्या सॅकवर बांधला. ही गोष्ट मी कधीच शिकवली नव्हती. सॅक घेतली असती तर बाकीच्यांसमोर त्या मुलाचा पार कचरा झाला असता, हे चौदा वर्षांच्या मुलाला कळलं.

अंधार पडल्यावर कॅम्पला पोचलो. उशीर झाला, पण निघताना कॅम्पवर दिलेल्या कागदावर "इतक्या वाजेपर्यंत आलो नाही तर शोधायला निघा" अशी जी वेळ लिहिली होती तिच्या आतच पोचलो. बाकीचे पॅट्रोल पूल असलेल्या वाटेवरच होते, ते कधीच येऊन बसले होते. काही पालक दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमासाठी आधीच आले होते, त्यांचे चेहरे उतरलेले. आणि गृहस्थांनी तिथल्या तिथे सगळ्यांसमोर सुरू केलं, पोरांच्या हातात दिलं की असं होतं, दहा मिनिटांची वाट सोडून रात्र केली, वगैरे.

पुढच्या कमिटी मीटिंगला त्यांनी ठराव आणला की प्रत्येक पॅट्रोलच्या पुढे एक मोठा माणूस चालेल, नकाशा त्याच्याकडे राहील. मी विरोध केला, दोरीचा सगळा मुद्दा समजावून सांगितला, तरी ठराव पास झाला, कारण पालकांना त्या रात्रीची भीती आठवत होती आणि जी दुर्घटना झालीच नाही ती कोणाला दिसत नाही. त्यानंतरच्या हाइकला मी मुद्दाम एका पॅट्रोलला थांबवून विचारलं, आपण आत्ता नकाशावर कुठे आहोत? एकालाही सांगता आलं नाही. का येईल, नकाशा काकांकडे. ते काका घसरून पडले असते तर सात पोरं जंगलात उभी राहिली असती, कुठे आहोत हे माहीत नसताना. याला सेफ म्हणायचं? मोठी मुलं हळूहळू यायची बंद झाली, कारण दुसऱ्याच्या मागे रांगेत चालायला कोण येईल, रांग शाळेत असतेच की.

त्या मीटिंगमध्ये गृहस्थ म्हणाले होते की स्काऊटिंग सुरू करणारे बेडन-पॉवेल लष्करातले होते, त्यांची शिस्त होती, असा मुलांचा कारभार त्यांना चालला नसता. तेव्हा अध्यक्षांनी मला बोलू दिलं नाही म्हणून इथे बोलतो. 1899 ते 1900 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंग गावाला बोअर सैन्याचा वेढा पडला होता आणि बेडन-पॉवेल तिथला बचाव सांभाळत होते, तेव्हा तिथल्या मुलांचं एक कॅडेट पथक होतं, निरोप पोचवणं, पहारा, मदतीची कामं ती मुलं करायची, आणि त्यांचा प्रमुख वॉर्नर गुडइयर हा शाळकरी वयाचा मुलगा होता. वेढ्याच्या काळात तिथे जी पोस्टाची तिकिटं छापली त्यातल्या एकावर तो सायकलवर बसलेला आहे. बेडन-पॉवेलनी पुढे अनेकदा या मुलांचा दाखला दिला. मग 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिला प्रयोगाचा कॅम्प घेतला, जेमतेम वीसेक मुलं, श्रीमंत शाळांतली आणि कामगारांच्या घरातली मिसळून, आणि त्यांचे चार पॅट्रोल केले, वुल्व्ज, बुल्स, कर्ल्यूज आणि रेव्हन्स, प्रत्येकावर एक मुलगाच लीडर. म्हणजे पॅट्रोल पद्धत नंतर कोणी आधुनिक लोकांनी घुसडलेली नाही, ती पहिल्या दिवसापासून आहे, तिच्यावरच सगळं उभं आहे. 1919 मध्ये लंडनजवळच्या गिलवेल पार्कला मोठ्या माणसांसाठी वुड बॅजचं, म्हणजे स्काऊटमास्तरांचं, ट्रेनिंग सुरू झालं, त्यातसुद्धा मोठ्यांनाच पॅट्रोल करून राहावं लागतं आणि आळीपाळीने लीडर व्हावं लागतं. आमच्या गृहस्थांनी तो कोर्स केला नव्हता. करायला हवा होता.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं. लीडरशिप येते का? पद दिलं म्हणून येत नाही, निर्णय दिला तर येते. त्यामुळे ट्रूपमध्ये जाऊन बघा की पॅट्रोल लीडर लोकांची मीटिंग, म्हणजे कोर्ट ऑफ ऑनर, खरंच होते का आणि त्यात ठरलेलं पुढे होतं का, की मुलांनी एक ठरवायचं आणि मास्तरांनी दुसरंच करायचं. हाइकची वाट कोणी आखली, सामानाची यादी कोणी केली, पैशाचा हिशोब कोणाकडे आहे हे मास्तरांना न विचारता मुलालाच विचारा. तो भराभरा सांगायला लागला तर काम चांगलं चाललंय. "सर सांगतील" म्हणाला तर तुमची शंका बरोबर आहे, तो मॉनिटरच आहे. आणि मुलगा एकदम बदलून येईल, घरी स्वतःची खोली आवरेल वगैरे अपेक्षा ठेवू नका, तसं काही होत नाही. अभ्यासावर काय परिणाम होतो तेही मला विचारू नका, ते प्रत्येकाचं वेगळं असतं.

हे सगळं वाचून मोठ्यांनी घरी बसायचं असं समजू नका हां. मागे राहणं म्हणजे हजर असणं. ओढ्यावर तो पोरगा "चला जाऊया" म्हणाला असता तर मी थांबवलंच असतं, तिथे लोकशाही नाही. जीवाचा प्रश्न आला की मोठा माणूस मधे पडतो, आणि उशीर होईल, भिजतील, जेवण कच्चं राहील एवढ्यासाठी पडत नाही. दोन मोठी माणसं हवीतच, एकट्या मोठ्याने एकट्या मुलाला घेऊन कुठेही जायचं नाही, हा नियम तुमच्या ट्रूपमध्ये पाळतात का ते स्पष्ट विचारा, लाजू नका. प्रथमोपचार येणारा माणूस कोण, मुलांच्या ॲलर्जीची आणि औषधांची यादी कोणाकडे, शोधायला कधी निघायचं ती वेळ कॅम्पवर लिहून ठेवतात का, हेही. यातलं काही नसेल तर मग "मुलंच सगळं करतात" हा निव्वळ आळस आहे आणि अशा ट्रूपमध्ये मी माझा मुलगा पाठवणार नाही. आणि अगदी नवीन पॅट्रोल असेल तर पहिली हाइक एका दिवसाची, ओळखीच्या वाटेवर, एकदम डोंगरात नाही.

राहिलं तुमचं काम. सॅक त्याची त्याला भरू द्या, फक्त वजन करून बघा, त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. पावसाचं जॅकेट सगळ्यात वर असू दे. आणि हाइकवरून उशिरा आला तर गाडीतून उतरल्या उतरल्या, इतर पोरांसमोर, "उशीर का झाला" असं विचारू नका. घरी गेल्यावर नकाशा घेऊन बसा आणि कुठून कसे गेलात ते दाखव म्हणा. आमच्या त्या पोराला त्या रात्री कोणीच हे विचारलं नाही, सगळ्यांनी फक्त घड्याळ दाखवलं, आणि माझा खरा राग त्याचाच आहे.