पिकअपचं नाक किती उचलायचं?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : माझी इसुझू व्ही-क्रॉस आहे, टायर कंपनीचेच, २५५/६० आर १८. मोकळी गाडी पुढून झुकल्यासारखी दिसते. दोन इंचांचं लेव्हलिंग किट (पुढची बाजू उचलून गाडी सरळ करणारं सामान) आणि २६५/६५ आर १८ टायर घालावेत असं मनात आहे. हंगामात भाताची, रताळ्याची पोती पाचशे किलोपर्यंत भरतो. चोर्ला घाटातून गोव्यालाही नेहमी जाणं असतं.
— एक वाचक, खानापूर

उत्तर : किट घेण्याआधी टेप घ्या. मोकळी गाडी सपाट फरशीवर लावून चारही चाकांचं हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. मग नेहमीची पोती भरून पुन्हा मोजा. मागची बाजू जितकी बसेल, तेवढ्यासाठीच कंपनीने ती वर ठेवलेली असते. तुम्ही मोकळी गाडी सरळ दिसावी म्हणून पुढून दोन इंच उचललंत, तर भरल्यावर नाक आभाळाकडे जाणार. पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो, घाटातल्या वळणाला स्टेअरिंग हलकं लागतं आणि ओल्या रस्त्यावर पुढची चाकं वळायच्या ऐवजी सरळ घसरू लागतात.

दिव्यांचंही तेच. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर साधारण ३.१ मीटर धरा. पुढून २५ मिमी उचललं की ५० मीटरवर प्रकाशाची वरची कड सुमारे ४० सेंमी वर चढते. त्यात मागून गाडी पोत्यांनी ६० मिमी बसली, तर आणखी जवळजवळ एक मीटर. पावसाळी रात्री कणकुंबीच्या पुढे समोरून येणाऱ्याला काहीच दिसणार नाही. म्हणून किट कोणतंही असो, काम झाल्यावर गाडी भिंतीसमोर लावून दिवे खाली करून घ्यायचेच.

तुमच्या वापराला पुढून २५ मिमी पुरे, अगदीच वाटलं तर ३०. इथे एक फसगत नेहमी होते. शॉकॲब्सॉर्बरचं खालचं टोक खालच्या आर्मच्या (चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या) टोकाला नसून मध्यावर कुठेतरी बसलेलं असतं. त्यामुळे वरच्या बाजूला १ सेंमी जाडीचा स्पेसर (उंची वाढवणारी चकती) घातला, तर चाकापाशी गाडी जवळजवळ २ सेंमी उचलली जाते. ‘५० मिमी’ लिहिलेलं खोकं हातात आलं की दुकानदाराला सरळ विचारा, ही स्पेसरची जाडी की गाडीची उचल? जाडी असेल तर तो तुमच्या गाडीला नको.

स्पेसर दोन तऱ्हेचे. एक स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकच्या जोडीच्या) वरच्या माउंटवर बसतो. स्प्रिंग उघडावी लागत नाही, काम लवकर होतं, पण चाक खड्ड्यात लोंबलं की तेवढंच जास्त खाली जातं आणि बॉल जॉइंट (आर्म आणि चाकामधला गोल सांधा) व ड्राइव्ह शाफ्टवर (चाक फिरवणाऱ्या दांड्यावर) ताण येतो. दुसरा स्प्रिंगच्या डोक्यावर, आत बसतो. त्याने चाक खाली जाण्याची मर्यादा बदलत नाही, पण स्प्रिंग आधीच दाबली गेल्याने मोकळ्या गाडीत दणके लागतात. तो बसवताना स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार) लागतोच. दोरखंड किंवा साखळी बांधून स्प्रिंग उघडणाऱ्याकडे गाडी सोडू नका, सुटली तर माणूस जातो. दोन्ही स्पेसर एकावर एक कधीच घालू नयेत. पैसे असतील तर स्पेसरपेक्षा, तुमच्या वजनाला जुळणारी थोडी उंच स्प्रिंग आणि तिच्याच मापाचा शॉक हा कायमचा चांगला उपाय.

आता टायर. २५५/६० आर १८ ची उंची ७६३ मिमी, २६५/६५ आर १८ ची ८०२. म्हणजे पाच टक्के जास्त. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा त्याच्या हिशेबापेक्षा गाडी चार किलोमीटरने पुढे पळत असेल. जमिनीपासूनची उंची मात्र निम्म्यानेच, १९ मिमी वाढते. वर वजनदार चाक फिरवायला आणि थांबवायला जोर जास्त लागतो. भरल्या गाडीने चोर्ला उतरताना ब्रेक त्यामानाने लवकर तापतात, चढताना गिअर एकाने खाली घ्यावा लागतो. २६५/६० आर १८ घेतलात तर उंची ७७५ मिमी, फरक दीड टक्का. आमचं मत याच साइझला, ऑल-टेरेन नक्षीत. जांभ्याच्या लाल चिखलाला तेवढी नक्षी पुरते.

टायरवर साइझच्या पुढे लिहिलेला भाराचा आकडा वाचायला विसरू नका. ११० म्हणजे एका टायरवर १०६० किलो, ११२ म्हणजे ११२०. जुन्या टायरवर जो आकडा असेल त्याच्या खाली उतरायचं नाही. बाजूला चार अंकी तारीख असते. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा ३५ वा आठवडा.

बसवल्यावर स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून, पुढे आणि रिव्हर्समध्येही, घासतंय का ते पाहा. मग एक पुढचं चाक उंचवट्यावर चढवून तेच करा. सपाटीवर न घासणारा टायर इथे मडफ्लॅपला, लायनरला किंवा केबिनच्या माउंटला लागतो. चाक बाहेर काढणारे रिम किंवा व्हील स्पेसर घेतले तर हे घासणं वाढतं, बेअरिंगही लवकर जातं. आणि स्टेपनी विसरू नका. फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये वेगळ्या उंचीचं चाक चालत नाही, म्हणून पाच टायर घ्या. नवी स्टेपनी बॉडीखालच्या जागेत मावते का, हेही आधीच बघा.

प्रश्न : हायलक्सला स्पेसर बसवून दोन महिने झाले. आता हायवेला ८० च्या पुढे गाडी हिंडते, पुढचे टायर बाहेरून खातात आणि गतिरोधक उतरताना ‘टक’ असा आवाज येतो. गॅरेजवाले म्हणतात, अलाइनमेंट केलंय.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : अलाइनमेंटचा कागद मागा. बहुतेक ठिकाणी फक्त टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली आहेत का) बघून गाडी सोडतात. गाडी उचलली की कॅस्टर कमी होतो. स्टेअरिंग आपोआप सरळ आणणारा कोन तोच, म्हणून हायवेला गाडी हिंडते. कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा झुकाव) हाही बाहेरच्या बाजूला जातो, त्याने बाहेरची कड झिजते. तिन्ही आकडे दोन्ही चाकांचे, आधीचे आणि नंतरचे, कागदावर हवेत. कॅस्टर समायोजनात बसत नसेल तर उचल जास्त झाली आहे, स्पेसर पातळ करा.

टायरवरून तळहात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखं लागलं, तर टोही चुकलेला आहे.

‘टक’ बहुधा चाक पूर्ण खाली लोंबल्यावरचा आहे. शॉक शेवटाला आपटतो किंवा वरचा आर्म स्प्रिंगला टेकतो. आर्मवर चकाकणारा ओरखडा दिसला तर खात्री. आर्मचे बुशही (सांध्यातले रबरी तुकडे) बघा. गाडी जॅकवर असताना ते आवळले असतील तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं. चाकं जमिनीवर टेकवून, गाडी स्वतःच्या उंचीवर असतानाच टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या) आवळायचे. ड्राइव्ह शाफ्टच्या रबर बूटवर ग्रीस उडालेलं दिसलं तर गाडी लगेच दुरुस्तीला लावा.

प्रश्न : केए-२२ ची (बेळगाव पासिंगची) गाडी कोल्हापूरला गेली तर मोठ्या टायरवरून पकडतात का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : कायदा केंद्राचा आहे, सीमेच्या दोन्हीकडे तोच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे आरसीतल्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कंपनीने तुमच्याच मॉडेलला, निदान वरच्या व्हेरियंटला दिलेल्या साइझच्या जवळ राहा, मडगार्डबाहेर टायर येऊ देऊ नका, आणि आधी आरटीओत व विमा कंपनीला विचारा. अपघातानंतर दावा अशाच गोष्टींवर अडतो.

प्रश्न : रायबागकडच्या काळ्या रानात गाडी रुतते. मागे स्प्रिंगचा पाटा वाढवू की ब्लॉक (पाटा आणि ॲक्सलमधला ठोकळा) घालू?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : रुतण्यावर दोन्हीचा उपयोग थोडाच. काळी माती कसल्याही नक्षीत भरते, टायर गुळगुळीत होतो. मोकळ्या गाडीची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा, डांबरीवर येण्याआधी परत भरा. भरलेली गाडी फार बसत असेल तरच पाटा वाढवा. ब्लॉकने उंची वाढते, वजन पेलण्याची ताकद नाही. पुढच्या पाट्यांखाली तर ब्लॉक नकोच.

मागे काहीही उचललं की ॲक्सलवरून चेसीकडे जाणारी बारीक दांडी पाहा. बऱ्याच पिकअपना ती असते, वजन बघून मागच्या ब्रेकचा जोर ठरवते. मागची बाजू उचलली की तिला गाडी मोकळीच वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. कंपनीच्या मापाप्रमाणे ती पुन्हा लावून घ्या. यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला बांधणारे) प्रत्येक वेळी नवे घाला आणि ५०० किलोमीटरनंतर एकदा आवळा.