मोटर यॉटवर राहून पॅसिफिकमधल्या दूरच्या बेटांवर फिरताना सगळ्यात अवघड काय?

डिझेल, असं बहुतेक जण सांगतील. गॅलापागोस ते मार्केसास या दोन बेटसमूहांमधलं अंतरच सुमारे 3000 सागरी मैल, वाटेत पंप नाही. पण वेग एक-दोन नॉट (ताशी सागरी मैल) कमी ठेवला की पल्ला भरपूर वाढतो, म्हणजे त्यावर तोडगा आहे.

माझ्या मते खरी कसोटी तुआमोटू या बेटसमूहातल्या कंकणद्वीपांत, म्हणजे मधल्या पाण्याभोवती कड्यासारख्या पसरलेल्या प्रवाळबेटांत, शिरताना लागते. आतलं सगळं पाणी प्रवाळातल्या अरुंद फटीतून आत-बाहेर करतं. ओहोटीच्या धारेला बाहेरून वारा भिडला की तिथे उभ्या लाटा उसळतात. म्हणून प्रवाह थंडावण्याची वेळ धरायची, आणि तीही ऊन डोक्यावर असताना. पोलराइज्ड चष्मा लावून एकाने पुढे उभं राहायचं. पाणी तपकिरी दिसलं की प्रवाळ अगदी वर आलंय, वळवा!

नांगर वाळूत टाका आणि साखळीला ठरावीक अंतरावर छोटे बोये बांधा. साखळी तळापासून वर तरंगते, प्रवाळात अडकत नाही. प्रवाळही वाचतं, आणि ते वाचवायलाच हवं, वाढायला त्याला वर्षानुवर्षं लागतात.

नोव्हेंबर ते एप्रिल हा दक्षिण पॅसिफिकमध्ये चक्रीवादळांचा काळ, तेव्हा मुक्काम कुठे करायचा ते आधीच ठरवा.